हवेच्या कसोटीला उतरलेली यंत्रे

घरगुती वापराचे कोणतेही नवे यंत्र बाजारात येते, तेव्हा त्याच्यासोबत छापून येणारे आकडे ठरावीक तापमानाच्या खोलीत आणि ठरावीक दाबाच्या विजेवर मोजलेले असतात. ज्या घरात ते यंत्र पुढची काही वर्षे चालणार असते, तिथली हवा, पाणी, धूळ, माती आणि विजेचा चढउतार या आकड्यांत कुठेच नसतो. त्यामुळे यंत्राची निम्मी पारख कारखान्यात होते आणि उरलेली निम्मी, बहुधा अधिक कठीण असलेली, ते जिथे वापरले जाते त्या गावात होते. या दुसऱ्या पारखीसाठी नागपूर हे भारतातील अत्यंत कठोर ठिकाणांपैकी एक आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर, दोन्ही समुद्रकिनाऱ्यांपासून दूर वसलेल्या या शहरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली, डिसेंबर-जानेवारीत पारा अनेकदा दहा अंशांच्या खाली जातो, आणि वर्षभराचा सुमारे ११०० मिलिमीटर पाऊस प्रामुख्याने जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. म्हणजे येथे आलेल्या यंत्राला एकाच वर्षात तीन वेगळ्या प्रदेशांचे हवामान सोसावे लागते.

नागपूरकरांनी अशी दीर्घ आणि कसून केलेली पारख ज्या यंत्राची केली, ते यंत्र म्हणजे कूलर. तो येथे तयार स्वरूपात येऊन रुजला असे म्हणणे अपुरे ठरेल, कारण येथील हवेने, पाण्याने आणि दुरुस्ती करणाऱ्या हातांनी त्याला वेळोवेळी बदलले. गवत कापणारा यंत्रमानव, स्वतः फिरून फरशी झाडणारे यंत्र किंवा मोबाइलवरून चालणारी उपकरणे घरोघरी येऊ पाहत असताना त्यांना कोणते प्रश्न विचारावेत, हे या जुन्या पारखीतून सर्वांत चांगले शिकता येते.

कूलरचे काम बाष्पीभवनावर चालते. पाण्याचे वाफेत रूपांतर होताना आसपासची उष्णता शोषली जाते आणि तापमान न वाढवता केवळ अवस्था बदलण्यासाठी खर्च होणाऱ्या या उष्णतेला सुप्त उष्णता म्हणतात. साध्या तापमानाला एक लिटर पाणी हवेत विरून जाते, तेव्हा ते सुमारे २४ लाख ज्यूल, म्हणजेच विजेच्या भाषेत अंदाजे दोन-तृतीयांश युनिट इतकी उष्णता शोषून घेते. तासाला पाच लिटर पाणी आटवणारा कूलर या हिशेबाने साडेतीन किलोवॉटच्या जवळपास उष्णता हवेतून काढतो, आणि वातानुकूलन यंत्रांच्या व्यवहारात ज्याला एक टन म्हणतात ते मापही एवढेच असते. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळण्यासाठी ज्या वेगाने उष्णता लागते, त्या वेगाचे ते नाव आहे. फरक असा की कूलरचा पंखा आणि पंप मिळून बहुधा दोनशे-अडीचशे वॉटच्या आसपास वीज घेतात, तर दीड टनाचे वातानुकूलन यंत्र पूर्ण क्षमतेने चालताना साधारण दीड किलोवॉट घेते.

मात्र ही तुलना येथेच थांबवली तर ती दिशाभूल करणारी ठरेल. कूलर बाहेरची तापलेली हवा ओढून घेतो, थंड करतो आणि खोलीत सोडतो. ती हवा दुसऱ्या बाजूने बाहेर जाते आणि तिच्या जागी पुन्हा नवी तापलेली हवा घ्यावी लागते. बाहेर ४५ अंश, कूलरच्या तोंडाशी २८ अंश आणि खोलीत ३२ अंश असतील, तर सतरा अंशांच्या घटीपैकी खोलीतील माणसांच्या वाट्याला फक्त चार अंशांचा उपयोग येतो आणि उरलेला गारवा बाहेरच्या उन्हाला उणे करण्यातच खर्ची पडतो. तरीही कूलरपुढे बसलेल्याला बरे वाटते, याचे कारण वाऱ्याच्या वेगात आहे. अंगावरून वेगाने वाहणारी हवा घाम वाळवते, आणि त्यामुळे शरीर स्वतःच दुसऱ्या कूलरसारखे काम करू लागते.

हवा किती थंड होऊ शकेल याची मर्यादा आर्द्र तापमान ठरवते. तापमापीच्या फुग्याला ओले कापड गुंडाळून त्यावरून वारा वाहू दिला की पारा ज्या अंकापाशी स्थिरावतो, ते आर्द्र तापमान. साध्या तापमापीने दाखवलेले ते शुष्क तापमान. ओल्या ताट्यांमधून गेलेली हवा आर्द्र तापमानाच्या खाली जाऊ शकत नाही, मग यंत्र कितीही महागडे असो. मे महिन्यातील नागपूरच्या दुपारी, ४५ अंश तापमान आणि १५ टक्के सापेक्ष आर्द्रता असताना, आर्द्र तापमान सुमारे २४ अंश असते. चांगला कूलर या दोहोंमधील एकवीस अंशांच्या अंतराचा ऐंशी टक्के भाग कापतो आणि हवा अठ्ठावीस अंशांपर्यंत आणतो. जुलैमध्ये ३२ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असते, त्या वेळी आर्द्र तापमानच अठ्ठावीसच्या वर असते, आणि तोच कूलर तीन अंशांपेक्षा जास्त उतार देऊ शकत नाही, उलट खोलीतील दमटपणा मात्र वाढवतो. मुंबईत उन्हाळ्यातही ही दुसरीच स्थिती असल्यामुळे विदर्भात घरोघरी दिसणारा कूलर कोकण किनाऱ्यावर जवळजवळ निरुपयोगी ठरतो. एकाच राज्यातील दोन शहरांत एकाच यंत्राचे मोल इतके वेगळे असावे, यातच कोणत्याही उपकरणाच्या सरसकट शिफारशीला सावधपणे घेण्याचे कारण आहे.

ओल्या मुळांतून वारा घेण्याची युक्ती कूलरहून खूप जुनी आहे. बांबूच्या चौकटीत वाळ्याची, म्हणजे खस या गवताची, सुगंधी मुळे भरून त्यावर पाणी शिंपडण्याची पद्धत अकबराच्या काळात प्रचारात आल्याची नोंद अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’त आहे. दारांना आणि खिडक्यांना लावलेल्या या ताट्या वाहत्या वाऱ्यावर अवलंबून असत, त्यामुळे वारा पडला की त्यांचा उपयोग संपे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उत्तर आणि मध्य हिंदुस्थानातील इंग्रज घरांमध्ये या अडचणीवर थर्मँटिडोट नावाचे यंत्र आले. लाकडी पेटीत पात्यांचे चाक बसवलेले असे, पेटीच्या बाजूंना ओल्या वाळ्याच्या ताट्या असत, आणि बाहेर उभा असलेला नोकर हाताने दांडा फिरवून थंड हवा खोलीत ढकलत असे. आजच्या कूलरची सगळी रचना त्या पेटीत आहे. फक्त पंख्याची मोटर आणि पाण्याचा पंप ही दोन कामे तेव्हा माणसे करीत होती. त्या गारव्याची किंमत कोणीतरी उन्हात उभे राहून चुकवत होते, ही गोष्ट यंत्राच्या इतिहासात सहसा लिहिली जात नाही, पण लिहिली गेली पाहिजे. १८६१ मध्ये नागपूर मध्य प्रांताची राजधानी झाल्यानंतर येथील सरकारी कारभार उन्हाळ्यात पचमढीला हलवला जाऊ लागला. ज्यांना पचमढी गाठणे शक्य नव्हते त्यांच्यासाठी जाड भिंती, उंच छत, कवेलूंचे छप्पर आणि दुपारी बंद केलेली दारे एवढेच साधन होते.

नागपूरच्या कोरड्या हवेशी यंत्राने जुळवून घेण्याचा पहिला मोठा प्रसंग घरात घडला नाही, तो गिरणीत घडला. जमशेदजी टाटा यांनी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केलेल्या एम्प्रेस मिलमध्ये कापसाचा धागा कोरड्या हवेत ठिसूळ होऊन तुटत असे, म्हणून तिथे हवेत बारीक तुषार सोडून आर्द्रता वाढवणारी यंत्रे बसवण्यात आली. भारतातील कापड उद्योगात अशी यंत्रे वापरणाऱ्या अगदी सुरुवातीच्या गिरण्यांमध्ये तिची गणना होते. त्याच गिरणीत १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला रिंग स्पिंडल या अमेरिकेतील नव्या सूतकताई यंत्राची चाचणीही झाली. इंग्लंडमधील नामांकित यंत्रनिर्माते या यंत्राबद्दल साशंक असताना जमशेदजींनी मोजकेच साचे मागवून ते नागपूरच्या कापसावर, नागपूरच्या हवेत आणि नागपूरच्या कामगारांच्या हाताखाली चालवून पाहिले, आणि फळ मिळाल्यावरच त्यांचा विस्तार केला. थोडे घ्यावे, आपल्याच परिस्थितीत चालवावे आणि मग ठरवावे, ही पद्धत घराला गिरणीइतकीच लागू पडते.

विजेच्या पंख्याचा आणि पाण्याच्या पंपाचा मेळ बसलेला कूलर विसाव्या शतकात अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात लोकप्रिय झाला. तिथेही सुरुवातीला तो घरगुती खटपटीतूनच बनत होता; लोक लाकडी चौकटीला जाळी ठोकत, मध्ये लाकडाचा लांब किस भरत आणि मागे टेबल पंखा ठेवत. नागपुरात रूढ झालेला कूलर या वंशातलाच, पण त्याची घडण पूर्णपणे येथील आहे. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याची मोठी पेटी, तिच्या तीन बाजूंना ताट्या, समोर कारखान्यांच्या भिंतीत बसवतात तसा एक्झॉस्ट पंखा, तळाच्या टाकीत बुडालेला छोटा पंप आणि वर ताट्यांवर पाणी सोडणाऱ्या छिद्रांच्या नळ्या, एवढाच हा ऐवज असतो. पेटी एका कारागिराकडून, मोटर दुसऱ्या दुकानातून, पंप तिसऱ्याकडून घेता येतो, आणि कोणताही भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो. ही पेटी खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर ठेवली जाते, कारण तिला बाहेरची कोरडी हवा मिळाली पाहिजे. होळी होऊन गेली की वस्त्यावस्त्यांत ताट्या भरणाऱ्यांची लगबग सुरू होते. जुना कुजका कीस काढून नवा भरणे, टाकीला आतून डांबर किंवा रंग लावणे, मोटरला तेल देणे ही कामे नवतपा येण्याच्या कितीतरी आधी उरकलेली असतात. मेच्या अखेरीस सूर्य रोहिणी नक्षत्रात गेल्यानंतरच्या नऊ दिवसांना विदर्भात नवतपा म्हणतात आणि उन्हाळ्याचा कळस तोच मानला जातो.

या यंत्राचा विशेष म्हणजे त्याची उघडी रचना. पाहणाऱ्याला हवा कोठून येते, पाणी कोठे जाते आणि अडथळा कोठे आहे हे समजते, त्यामुळे आठवी-नववीतला मुलगाही त्याच्या बिघाडाचे निदान करू शकतो. आजच्या बहुतेक नव्या उपकरणांनी ही पारदर्शकता गमावली आहे, आणि ती गमावणे हा खराखुरा तोटा आहे, कारण ज्या यंत्राचे आतले काम दिसत नाही त्याची पारख वापरणाऱ्याला करता येत नाही. त्याला केवळ विश्वास ठेवता येतो.

ताट्यांच्या बाबतीत मात्र बाहेरून आलेला एक बदल नागपूरने स्वीकारला. लाकडी किसाच्या ताट्या पहिल्या महिन्यात उत्तम काम करतात, मग ओल्या किसाचे वजन खाली बसते, वरच्या भागात पोकळी पडते, आणि त्या पोकळीतून न भिजलेली गरम हवा सरळ आत येते. स्वीडनचे अभियंते कार्ल मंटर्स यांनी १९५५ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीने यावर नालीदार कागदाच्या थरांचा उपाय विकसित केला. विशिष्ट रसायनांनी घट्ट केलेल्या कागदाचे नागमोडी थर एकमेकांना तिरपे चिकटवले की मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी तयार होते. पाणी तिच्या नागमोडींतून सावकाश उतरते आणि हवेला भिजलेला मोठा पृष्ठभाग मिळतो. बाजारात हनीकोंब पॅड म्हणून विकली जाणारी ही जाळी खाली बसत नाही आणि एकाऐवजी काही उन्हाळे टिकते.

पण तिचे आयुष्य पाण्यावर अवलंबून असते, आणि नागपुरात पाणी दोन प्रकारचे आहे. महापालिकेच्या नळाला येणारे पेंच आणि कन्हानचे पाणी तुलनेने मवाळ असते, तर अनेक वस्त्यांतील बोअरवेलचे पाणी क्षारयुक्त असते. बाष्पीभवनात फक्त पाणी उडून जाते आणि विरघळलेले क्षार मागे राहतात, ही गोष्ट हिशेब मांडल्यावर किती मोठी आहे ते कळते. लिटरमागे ५०० मिलिग्रॅम क्षार असलेले, म्हणजे पिण्यासाठी भारतीय मानकाने इष्ट मानलेल्या मर्यादेवरचे पाणी रोज ८० लिटर आटले, तर दिवसाला ४० ग्रॅम आणि नव्वद दिवसांच्या उन्हाळ्यात साडेतीन किलोंहून अधिक क्षार ताट्यांवर आणि टाकीत साचतात. किसाच्या ताट्या दरवर्षी फेकल्याच जातात, म्हणून त्यांना हा क्षार सोसतो. महागड्या जाळीची छिद्रे मात्र त्याने बुजतात. म्हणून बोअरवेलच्या घरात स्वस्त ताटी आणि नळाच्या घरात जाळी, हा येथील जुन्या कारागिरांचा सल्ला रसायनशास्त्राला धरून आहे. टाकीतील जुने पाणी दर दोन-तीन दिवसांनी पूर्ण काढून टाकणे हा दोन्हींवरचा उपाय.

टाकी रिकामी करण्याचे दुसरे कारण आरोग्याचे आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि उन्हाळी तापमानात अंड्यापासून पूर्ण वाढीच्या डासापर्यंतचा प्रवास साधारण आठवडा-दहा दिवसांत होतो. पावसाळा लागल्यावर कूलर वापरात नसतो, पण टाकीत पाणी तसेच राहते, आणि तोच काळ सर्वांत धोक्याचा असतो. महापालिकेचे कर्मचारी घरोघरी कूलरच्या टाक्या तपासतात ते यासाठीच. तिसरा धोका याहून तातडीचा आहे. लोखंडी पेटी, पाणी आणि वीज एकत्र आल्यावर पंपाच्या वेष्टनाला गेलेला बारीकसा तडाही जीवघेणा ठरतो, आणि विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा धक्का लागून मृत्यू होतात. पाणी भरण्यापूर्वी प्लग काढणे, तीन पिनांचा प्लग आणि चांगले अर्थिंग असणे, आणि वीज गळू लागताच क्षणार्धात पुरवठा तोडणारा गळतीरोधक स्विच बसवणे या सूचना महावितरण दरवर्षी देते. घरगुती वापरासाठी हा स्विच ३० मिलिअँपिअर गळतीवर तुटणारा असावा. नव्या कूलरसाठी हजारो रुपये मोजणाऱ्या कुटुंबाने या स्विचकडे दुर्लक्ष करावे, याला कोणतेही समर्थन असू शकत नाही.

प्लास्टिकचे, चाकांवर फिरणारे देखणे कूलर बाजारात आल्यानंतर अनेक घरांनी ते खोलीत ठेवून पाहिले आणि निराशा पदरी पडली. दोष प्लास्टिकचा नव्हता, जागेचा होता. बंद खोलीच्या आत ठेवलेला कूलर तीच हवा पुन्हा पुन्हा ओली करतो, तासाभरात आर्द्रता वाढते, शुष्क आणि आर्द्र तापमानातले अंतर मिटते आणि शेवटी नुसता चिकट वारा उरतो. हे प्लास्टिकचे यंत्र खिडकीत टेकवले आणि समोरची खिडकी वीतभर उघडी ठेवली, की ते जवळजवळ पत्र्याच्या कूलरइतके काम देते. उपकरण बदलण्याआधी त्याची जागा बदलून पाहणे, हा पारखीतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित टप्पा आहे.

स्वीडनमधूनच आलेले दुसरे यंत्र नागपूरच्या कसोटीवर ठेवून पाहिले, की चित्र वेगळे दिसते. हुस्कवार्ना या कंपनीने १९९५ मध्ये सौर ऊर्जेवर चालणारा, स्वतः फिरून गवत कापणारा यंत्रमानव बाजारात आणला आणि नंतर बॅटरीवर चालणारी त्याची रूपे युरोपातील घरांच्या अंगणांत सर्रास दिसू लागली. हे यंत्र साध्या यंत्रासारखे वाढलेले गवत एकदम कापत नाही. वस्तऱ्याच्या पात्यांएवढी लहान पाती चाकतीला सैल जोडलेली असतात आणि ती रोज गवताचे टोक तेवढे छाटतात, ते बारीक तुकडे तिथेच पडून खत होतात. हद्द ओळखण्यासाठी अंगणाच्या कडेने तार पुरलेली असते. तारेतून जाणाऱ्या क्षीण विद्युतप्रवाहाचे चुंबकीय क्षेत्र जाणवले की यंत्र वळते. नव्या यंत्रांत तारेऐवजी उपग्रहाचे संकेत वापरतात, आणि अंगणातच बसवलेले एक स्थिर केंद्र त्या संकेतांतील चूक सतत कळवत राहिल्यामुळे यंत्राला आपली जागा काही सेंटिमीटरपर्यंत समजते.

ही सारी रचना थंड प्रदेशातील, हंगामभर समान गतीने वाढणाऱ्या गवतासाठी आहे. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधील बंगल्यांच्या हिरवळी, संस्थांची आवारे आणि लग्नसमारंभांची लॉन येथे हराळीच्या जातीचे गवत असते. ते मेमध्ये पाण्याअभावी पिवळे पडते आणि पावसाच्या पहिल्या पंधरवड्यात झपाट्याने वाढते. ज्या दिवसांत यंत्राची गरज सर्वांत जास्त, त्याच दिवसांत जमीन चिखलाची असते. शहराच्या पश्चिमेकडील भाग बेसॉल्ट खडकावर वसलेला आहे आणि त्या खडकापासून झालेली काळी माती पाणी प्याल्यावर फुगते, वाळल्यावर भेगाळते; पावसाळ्यात हलक्या यंत्राची चाके तीत रुततील, आणि जिथे उन्हाळ्यात पाणी कमी पडते तिथे पुरलेली तार भेगांबरोबर ताणली जाईल. तारेऐवजी उपग्रहावर विसंबावे तर वड, कडुनिंब आणि चिंचेच्या दाट छायेखाली आकाशच दिसत नाही, आणि संकेत तुटक होतात.

बॅटरीचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. लिथियम-आयन प्रकारच्या बहुतेक बॅटऱ्या ४५ अंशांच्या वर भारित करू नयेत असे त्यांचे निर्मातेच सांगतात, कारण त्या तापमानाला त्यांचे आयुष्य वेगाने घटते. मेच्या दुपारी सावलीतच पारा तिथवर पोहोचतो, उघड्या भारण-केंद्रात उन्हात उभ्या असलेल्या यंत्राच्या आतले तापमान तर त्याहून बरेच अधिक असणार. मग यंत्र रात्री चालवावे, तर दुसरी अडचण उभी राहते. युरोपात रात्री फिरणाऱ्या साळूसदृश हेजहॉग या छोट्या प्राण्याला अशा यंत्रांच्या पात्यांनी इजा होते असे डेन्मार्कमधील संशोधनात दिसल्यावर जर्मनीतील काही शहरांनी रात्रीच्या वापरावर बंधने आणली. नागपूरच्या अंगणात पावसाळी रात्री बेडूक आणि भेक बाहेर पडतात, आणि मार्चपासून पावसाळ्यापर्यंत टिटवी उघड्या जमिनीवर, खड्यांमध्ये मिसळून जाणारी अंडी घालते. माळ्याच्या डोळ्याला ती अंडी दिसतात आणि तो तेवढी जागा सोडून गवत काढतो. जमिनीलगत फिरणाऱ्या यंत्राला आज तरी ती दिसत नाहीत. भारतात हे यंत्र अजून दुर्मीळ आहे. मोठ्या, सपाट, झाडे नसलेल्या आणि निचरा चांगला असलेल्या मैदानावर हिवाळ्यात आणि पावसाच्या उघडिपीत त्याला काम मिळू शकेल; घराच्या अंगणासाठी मात्र येथील माती आणि ऋतुचक्र त्याच्या बाजूने नाहीत, आणि हा निष्कर्ष ते विकत घेण्यापूर्वीच काढता येतो हे महत्त्वाचे.

वातानुकूलन यंत्राला नागपूरची हवा नाकारू शकत नाही, कारण ते बंद खोलीतील हवा फिरवून तिच्यातील उष्णता आणि ओलावा दोन्ही बाहेर टाकते, म्हणून जुलैतही चालते. त्याची किंमत विजेच्या बिलात आणि शहराच्या गल्ल्यांत दिसते, जिथे बाहेरच्या बाजूने टाकलेली उष्णता शेजाऱ्याच्या खिडकीपाशी जमा होते. ब्यूरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीच्या नियमानुसार २०२० पासून नवी वातानुकूलन यंत्रे सुरू होताना आपोआप २४ अंशांवर असतात. कोरड्या उन्हाळ्यात हे तापमान २६ किंवा २७ वर नेऊन छताचा पंखा सोबत चालवला, तर आराम फारसा न घटता वीज वाचते. कूलरच्या आणि छताच्या पंख्यांत येत असलेल्या बीएलडीसी मोटरी, म्हणजे ब्रश नसलेल्या आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या मोटरी, हा गेल्या काही वर्षांतील सर्वांत निःसंशय फायद्याचा बदल म्हणता येईल. जुना छताचा पंखा ७५ वॉटच्या आसपास घेतो, तिथे असा पंखा तीस-पस्तीस वॉटमध्ये तेवढाच वारा देतो, आणि त्याला हवेची, पाण्याची किंवा मातीची कोणतीच अट नसते. त्यातील नियंत्रक मंडळ विजेच्या चढउताराने जळते तेव्हा ते बदलून देणारा माणूस जवळपास आहे का, एवढाच प्रश्न उरतो.

मोजमापाच्या साधनालाही पारख लागते, हे नागपूरने ३० मे २०२४ रोजी पाहिले. त्या दिवशी शहरातील एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंशांचा आकडा दाखवला आणि देशभर खळबळ उडाली. नंतर भारतीय हवामान विभागाने त्या केंद्राचा संवेदक नीट काम करत नसल्याचे स्पष्ट केले. घरातील पारखीसाठी सुदैवाने फार महागडे साधन लागत नाही. दोन साध्या तापमापी एकाच ठिकाणी ठेवून त्या सारखाच आकडा दाखवतात याची आधी खात्री करावी, मग एकीच्या फुग्याला पाण्यात भिजवलेले मलमलीचे कापड गुंडाळून दोन्ही तापमापी कूलरच्या मागे, सावलीत, ताटीकडे ओढल्या जाणाऱ्या वाऱ्यात धराव्यात. दोन्हींमधील फरक पाच-सहा अंशांहून कमी असेल तर पंप बंद करून नुसता पंखा चालवावा, कारण त्या दिवशी पाणी फक्त दमटपणा वाढवेल. फरक मोठा असेल तर कूलरच्या तोंडाशी येणाऱ्या हवेचे तापमानही मोजावे. मागे ४४, ओल्या तापमापीवर २४ आणि तोंडाशी २९ अंश असतील, तर वीस अंशांपैकी पंधरा कापले गेले, म्हणजे कूलर पंचाहत्तर टक्के काम देतो आहे. एप्रिलमध्ये एवढे काम देणारा कूलर मेच्या अखेरीस साठ टक्क्यांवर आला, तर मोटरला दोष देण्यापूर्वी वरच्या नळीची क्षाराने बुजलेली छिद्रे दाभणाने मोकळी करावीत, पाणी ताटीच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंत उतरते का ते पाहावे, आणि तरीही आकडा सुधारला नाही तरच नव्या ताट्या भरून घ्याव्यात.